संचालकाच्या खिशात कंपनीचा शेअर हवा की नको?

(कॅमेऱ्यासमोर एक जुना कागद धरून)

नमस्कार मंडळी. हा कागद जरा नीट बघा. कडा गेल्यात, मधल्या घडीवर चिकटपट्टी लावलीये, पण खालचा शिक्का अजून वाचता येतो. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत सापडलेला हा साखर कारखान्याचा शेअर. आमच्या गावात "शेअर" म्हटलं की आजही कुणाला दलाल स्ट्रीट आठवत नाही, कारखाना आठवतो. "तुमचा शेअर आहे का?" याचा अर्थ तुम्ही सभासद आहात का, तुमच्या उसाची नोंद होते का.

आणि कारखान्यावर संचालक म्हणून निवडून यायचं तर आधी सभासद असावं लागतं. शेअर नाही तर उमेदवारी अर्जही नाही. इतकं साधं.

मागच्या व्हिडिओखाली एका ताईंनी विचारलं होतं, "ज्या कंपनीच्या संचालकांकडेच कंपनीचे शेअर नाहीत, तिचे मी का घ्यावेत?" प्रश्न वरवर भोळा वाटतो. मी उत्तर टाइप करायला बसलो, दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, परत लिहिल्या, आणि शेवटी व्हिडिओच करायला घेतला.

(स्क्रीनवर वार्षिक अहवालाचं पान, कंपनीचं नाव झाकलेलं)

हा एका बऱ्यापैकी मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल. सुरुवातीची गुळगुळीत पानं, अध्यक्षांचा हसरा फोटो, झाडं लावतानाचे फोटो, हे सगळं सोडून द्या. थेट कॉर्पोरेट गव्हर्नन्सच्या अहवालावर या. जे संचालक कंपनीत नोकरीला नाहीत, त्यांच्याकडे कंपनीचे किती शेअर आहेत, हे इथे छापावंच लागतं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा तसा नियम आहे. आता हा रकाना वाचू. निरंक. निरंक. २००. निरंक. निरंक.

पाच स्वतंत्र संचालक, म्हणजे कंपनीशी किंवा तिच्या मालकांशी आर्थिक लागेबांधे नसलेले, कारभारावर लक्ष ठेवायला नेमलेले. आणि पाचांत मिळून २०० शेअर. माझ्या मावशीकडे याच कंपनीचे याहून जास्त आहेत.

याच पानावर थोडं खाली बैठकभत्ता दिसतो, म्हणजे सिटिंग फी. कायद्याने एका बैठकीचे जास्तीत जास्त १ लाख रुपये देता येतात. या कंपनीने पूर्ण १ लाख दिलेत.

रागवायच्या आधी थोडा इतिहास बघू. १९५६ च्या कंपनी कायद्यात "पात्रता शेअर" नावाची गोष्ट होती. कंपनीच्या नियमावलीत अट असेल, तर संचालकाने नेमणुकीपासून दोन महिन्यांत ठरलेले शेअर घ्यायचे. त्यांची दर्शनी किंमत, म्हणजे शेअरवर छापलेली किंमत, मात्र साधारण ५,००० रुपयांच्या वर मागायची नाही. म्हणजे १० रुपयांचे ५०० शेअर. १९५६ साली ५,००० रुपये ही गंमत नव्हती. १९९० पर्यंत ती झाली होती. २०१३ चा नवा कायदा आला आणि त्यात ही तरतूदच राहिली नाही.

ही कल्पना मुळात इंग्रजांची. तिकडे एकोणिसाव्या शतकात कंपनीच्या माहितीपत्रकावर एखाद्या लॉर्डचं नाव छापायची पद्धत होती. नाव दिसलं की लोक पैसे गुंतवायचे. लॉर्डसाहेब बैठकीला यायचे, एक गिनी (तिकडचं जुनं नाणं) मानधन घ्यायचे, फुकटचं जेवायचे आणि परत जायचे. लोक त्यांना "गिनी पिग" संचालक म्हणायचे. आणि त्यांचे पात्रता शेअर? पुष्कळदा कंपनी काढणाराच ते भेट द्यायचा. म्हणजे ज्याच्यावर लक्ष ठेवायचं, त्यानेच राखणदाराच्या हातात काठी दिली आणि वर सांगितलं, ही माझी आठवण म्हणून ठेवा.

आपल्याकडे आज काय स्थिती आहे? स्वतंत्र संचालक शेअर घेऊ शकतो, पण स्वतःचे आणि नातेवाइकांचे मिळून मतदानाचे हक्क २ टक्क्यांच्या आत राहिले पाहिजेत. त्याहून जास्त झाले की तो "स्वतंत्र" राहत नाही. आणि २०१३ च्या कायद्याने स्वतंत्र संचालकाला स्टॉक ऑप्शन, म्हणजे आज ठरलेल्या भावाने पुढे शेअर घ्यायचा हक्क, द्यायला साफ बंदी केली.

ऑप्शनवर एवढा राग का, ते कळायला दाभोळला जावं लागेल.

(नकाशा: गुहागर तालुका, अंजनवेल)

एन्रॉन! चाळिशी ओलांडलेल्या मराठी माणसाला हे नाव समजावून सांगायची गरज नाही. अमेरिकेतली ऊर्जा कंपनी, तिचा रत्नागिरी जिल्ह्यातला वीजप्रकल्प, आंदोलनं, विजेच्या दरावरून झालेली भांडणं, आणि २००१ च्या मध्यात बंद पडलेला कारखाना. पण दाभोळची भानगड सोडा, आज मला ह्यूस्टनमधल्या मूळ कंपनीचं संचालक मंडळ दाखवायचंय.

ते मंडळ कागदावर एकदम झकास होतं. हिशेब तपासणी समितीचे अध्यक्ष रॉबर्ट जेडिके हे स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलचे माजी डीन आणि अकाउंटिंगचे प्राध्यापक. संचालकांना वर्षाला रोख आणि शेअर-ऑप्शन मिळून साधारण साडेतीन लाख डॉलर मिळायचे, असं अमेरिकन सिनेटच्या उपसमितीने जुलै २००२ च्या अहवालात म्हटलंय. बरं, त्यांच्याकडे शेअर होते का? होते! आपल्या ताईंच्या कसोटीला हे मंडळ पहिल्या फेरीत पास.

आता १९९९ मध्ये काय झालं बघा. अँड्र्यू फास्टो हे कंपनीचे मुख्य वित्त अधिकारी. त्यांना स्वतःची भागीदारी संस्था काढून एन्रॉनशीच व्यवहार करायचे होते. विकणाऱ्या बाजूलाही फास्टो, विकत घेणाऱ्या बाजूलाही फास्टो. कंपनीची आचारसंहिता याला नाही म्हणत होती. तर संचालक मंडळाने आचारसंहितेलाच सूट दिली. ऑगस्ट २००० मध्ये शेअर ९० डॉलरपर्यंत गेला. २ डिसेंबर २००१ ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा तो एका डॉलरच्याही खाली होता.

शेअर असूनही डोळे का मिटले? एक कारण ऑप्शनमध्येच आहे. भाव वाढला तर ऑप्शनवाला मालामाल. भाव पडला तर तो फक्त ऑप्शन वापरत नाही, खिशातून दमडी जात नाही. छापा पडला तर माझा, काटा पडला तर तुमचा. अशा माणसाला "भाव एवढा का चढतोय?" हा प्रश्न सुचेल कशाला?

दुसरं कारण जास्त कामाचं आहे. मी त्याला "दुसरा खिसा" म्हणतो. एन्रॉनचे एक संचालक ब्रिटनचे लॉर्ड वेकहॅम. (हो, परत लॉर्ड!) त्यांना संचालकपदाच्या मानधनाशिवाय सल्लागार म्हणून वेगळे पैसे मिळत होते. दुसरे दोघे ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग रुग्णालयाशी जोडलेले, आणि त्या रुग्णालयाला एन्रॉनकडून मोठ्या देणग्या जात होत्या. देणगी वाईट नाही हो. पण ज्याच्या देणगीवर आपलं काम चालतं, त्याच्या वहीवर बोट ठेवायला जीभ जरा जड होते. खाल्ल्या मिठाला जागणं आपण गुण मानतो. संचालक मंडळात मात्र तोच अवगुण ठरतो.

पुढे जानेवारी २००५ मध्ये शेअरधारकांनी लावलेल्या दाव्यात तडजोड झाली. एकूण १६ कोटी ८० लाख डॉलरची. त्यातले १ कोटी ३० लाख डॉलर दहा माजी संचालकांनी स्वतःच्या खिशातून भरायचे ठरले. बाकीचे विमा कंपन्यांचे.

आता घरच्या उदाहरणाकडे या. सत्यम, हैदराबादची सॉफ्टवेअर कंपनी. रामलिंग राजू तिचे संस्थापक आणि अध्यक्ष.

१६ डिसेंबर २००८. सत्यमच्या मंडळासमोर ठराव आला, मेटास प्रॉपर्टीज आणि मेटास इन्फ्रा या दोन कंपन्या मिळून १६० कोटी डॉलरना घेण्याचा. दोन्ही राजू कुटुंबाच्या. मेटासचं इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचा, सत्यम येईल. लपवायचेही कष्ट घेतले नव्हते. मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक होते, माजी कॅबिनेट सचिव होते, इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे डीन होते. ठराव मंजूर झाला. गुंतवणूकदारांनी असा काही गदारोळ केला की काही तासांतच तो मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ ला रामलिंग राजूंचं कबुलीपत्र आलं. ताळेबंदात ५,०४० कोटी रुपयांची रोकड दाखवली होती, जी नव्हतीच. त्या दिवशी शेअर जवळपास १८० वरून ४० रुपयांवर आला. पुढे एप्रिलमध्ये टेक महिंद्राने, म्हणजे आपल्या पुण्यातल्याच कंपनीने, ५८ रुपये भावाने सत्यम घेतली.

इथे शेअरचा हिशेब बघा. एकेकाळी राजू कुटुंबाकडे सत्यमचा चौथा हिस्सा होता. २००८ पर्यंत तो आठ-नऊ टक्क्यांवर आला, आणि तोही कर्जासाठी गहाण. पत्रात राजूंनीच लिहिलं होतं की प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनी काढणाऱ्यांचा, हिस्सा थोडा असल्याने निकाल वाईट दाखवले तर कुणीतरी कंपनी ताब्यात घेईल आणि खड्डा उघडा पडेल, ही भीती होती. सत्यमच्या खिशात आठ-नऊ टक्के, तेही सावकाराकडे. मेटासच्या खिशात घरचा बराच मोठा हिस्सा. माणूस कोणता खिसा सांभाळेल?

आज शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये, म्हणजे कोणाकडे किती शेअर आहेत त्या तक्त्यात, "गहाण शेअर" असा रकाना दिसतो ना, त्याची सक्ती सेबीने सत्यमनंतर लगेच, जानेवारी २००९ मध्येच केली. त्या रकान्यासाठी केवढी किंमत मोजलीये, बघा.

आता आजोबांच्या कागदाकडे परत येतो. साखर कारखान्यात प्रत्येक संचालकाकडे शेअर असतो, आणि एका सभासदाला एकच मत. मग सगळे कारखाने सोन्यासारखे चालायला हवे होते. काही चाललेच! प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभं केलेलं काम लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. पण बाकी ठिकाणी काय झालं, ते ऊसवाल्यांना विचारा. शेअरची किंमत बाजारात रोज हलत नाही. हलते ती ऊसतोडीची पाळी. आमच्या एका चुलत्यांचा ऊस तुरे येऊन वाळायला लागला होता, कारखान्याच्या तोडीच्या चिठ्ठीची वाट बघत. बांधाला लागून संचालकाच्या पुतण्याचं रान, तिथे टोळी आधीच कोयता लावून बसलेली. शेअर दोघांकडेही होता. एकाच दराचा, एकाच शिक्क्याचा.

म्हणून माझं मत विचाराल तर, ताई, तुमचा प्रश्न अर्धा बरोबर आहे. शेअर हवा. पण बाजारभावाने, स्वतःच्या पैशाने घेतलेला. अमेरिकेत बर्कशायर हॅथवेचं, वॉरेन बफे यांनी वाढवलेल्या गुंतवणूक कंपनीचं, उदाहरण आहे. तिथे संचालकाला एका प्रत्यक्ष बैठकीचे ९०० डॉलर मिळायचे, फोनवर हजर राहिलात तर ३००. संचालकांवर दावा झाला तर वाचवणारा विमाही कंपनी काढत नसे. बफे अभिमानाने सांगायचे की आमच्या संचालकांनी शेअर तुमच्यासारखेच बाजारातून घेतलेत, आम्ही कुणाला ऑप्शन वाटले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, ते सगळे गडगंज. बरोबर आहे. आपल्याकडे स्वतंत्र संचालक म्हणजे निवृत्त सनदी अधिकारी, बँकर, सीए, प्राध्यापक. त्यांनी पाच कोटींचे शेअर आणायचे कुठून? आणू नयेत. उलट निवृत्तीची सगळी पुंजी त्यातच टाकली, तर तो माणूस वाईट बातमी लांबवण्याच्या मोहात पडेल. मला आकड्यापेक्षा प्रमाण महत्त्वाचं वाटतं. बुडाले तर झोप उडेल, पण घर चालेल, एवढे. आणि मंडळावर असेपर्यंत विकायचे नाहीत.

"पण सेबीचे नियम!" माझ्या ओळखीच्या एका निवृत्त बँकरसाहेबांचं हेच म्हणणं. नियम कडक आहेत, खरं आहे. तिमाही संपली की संचालकांसाठी शेअर व्यवहाराची खिडकी बंद, ती निकालानंतर ४८ तासांनी उघडते. एकदा घेतलेला शेअर सहा महिने विकता येत नाही. तिमाहीत १० लाखांच्या वर व्यवहार झाला की कंपनीला कळवा. साहेब म्हणाले, "कोण त्या भानगडीत पडतो?" मी म्हटलं, विकायचेच नसतील तर यातली निम्मी भानगड उरतेच कुठे? त्यांनी चहा पुढे सरकवला.

मला खटकतं ते वेगळंच. कायदा ऑप्शन देऊ देत नाही, पण नफ्यावर कमिशन देऊ देतो. व्यवस्थापकीय संचालक असलेल्या कंपनीत बाकीच्या संचालकांना मिळून निव्वळ नफ्याच्या १ टक्क्यापर्यंत. म्हणजे पाच वर्षांनी कंपनी कुठे असेल त्याच्याशी बांधायचं नाही, आणि ज्या आकड्यावर संचालकाने संशय घ्यायचा, त्या याच वर्षाच्या नफ्याशी बांधायचं. वा रे हिशेब!

तर उद्या अहवाल उघडाल तेव्हा शेअरचा रकाना बघा, पण तिथेच थांबू नका. संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार शोधा. मागे टिपांमध्ये असतात, बारीक अक्षरात. कोणाच्या भावाची जागा भाड्याने घेतलीये, कोणाच्या फर्मला सल्ल्याची फी गेलीये. दुसरा खिसा तिथे सापडतो.

आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत बोला. आता बऱ्याच सभा व्हिडिओवर होतात, आधी वक्ता म्हणून नाव नोंदवायचं. मी गेल्या वर्षी ते "निरंक"वालं पान घेऊन बसलो होतो. माझ्या आधीच्या तिघांनी अध्यक्षांचं अभिनंदन केलं, एकाने बोनस शेअर मागितला. माझा नंबर आला, मी विचारलं, आपल्या पाच स्वतंत्र संचालकांत मिळून २०० शेअर का? क्षणभर शांतता. मग अध्यक्ष म्हणाले, "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. पुढचे वक्ते?"

यंदाचा अहवाल मागच्या आठवड्यात मेलवर आला. रकाना तसाच आहे, पाचांत मिळून २००. मी परत नाव नोंदवलंय. या वेळी वक्त्यांच्या यादीत माझा नंबर सतरावा आहे.