मॅकबेथ : कुणाला काय दिसतं?

[काळोख. लाकडी फाटकावर ठोठावल्याचा आवाज.]

रात्र सरत आली आहे. स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसच्या गढीत एक माणूस जिना उतरून खाली येतो. त्याच्या हातात दोन खंजीर आहेत, आणि नेमके तेच त्याने वर ठेवून यायचे होते. बेत साधा होता. पाहुणा म्हणून आलेल्या राजा डंकनला झोपेत मारायचं, दारूने झिंगून पडलेल्या दोन सेवकांपाशी खंजीर टाकायचे, त्यांच्या अंगाला रक्त माखायचं, म्हणजे आळ त्यांच्यावर जाईल. मॅकबेथ मात्र पुरावाच घेऊन खाली आलाय. बायको म्हणते, जा, ठेवून ये. रणांगणावर माणसं कापणारा हा सरदार म्हणतो, आता मी तिकडे जाणार नाही. मग ती जाते. तेवढ्यात फाटक वाजायला लागतं.

शेक्सपियरने हे नाटक 1606च्या सुमारास लिहिलं. छापलं गेलं 1623मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. त्याच्या शोकांतिकांमधली ही सगळ्यात आटोपशीर, जेमतेम 2,100 ओळींची. ‘हॅम्लेट’ जवळजवळ दुप्पट आहे. इथे खून दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीलाच उरकतो आणि उरलेलं नाटक खून पचत का नाही, याचं आहे.

इतिहासातला मॅकबेथ वेगळा होता. 1040मध्ये त्याच्याशी झालेल्या लढाईत डंकन मारला गेला आणि मॅकबेथने पुढे 17 वर्षं राज्य केलं. शेक्सपियरने त्या डंकनला म्हातारा केलं, सज्जन केलं आणि मॅकबेथच्या घरात पाहुणा म्हणून झोपवलं. ज्या बखरीवरून त्याने कथा घेतली, तिच्यात मॅकबेथच्या बरोबरीचा सरदार बँको हा कटातला साथीदार आहे. नाटकात त्याला निर्दोष केलं. याला राजकारणही होतं. तेव्हाचा राजा जेम्स स्वतःला बँकोचा वंशज मानत असे, आणि 1597मध्ये त्याने चेटूकविद्येवर एक ग्रंथही लिहिला होता. पण या फेरफारांचा नाटकाला झालेला फायदा मोठा आहे. मॅकबेथच्या बाजूने बोलायला एकही सबब शिल्लक राहत नाही. खुनाआधी तो स्वतःच मोजतो : मी याचा नातलग, याची प्रजा, शिवाय याचा यजमान. मारेकऱ्याला अडवायला ज्याने दाराशी उभं राहायचं, त्यानेच सुरा कसा उचलायचा?

[माळरान. धुकं. तीन आकृती.]

मॅकबेथला सुरुवातीलाच भेटून भविष्य सांगणाऱ्या चेटकिणींचं काय मग? त्यांची वाक्यं नीट ऐका. ग्लॅमिसचा सरदार, कॉडॉरचा सरदार, पुढे राजा. बस्स. खून कर, असं त्या एकदाही म्हणत नाहीत. त्यातली कॉडॉरची जहागीर राजाने आधीच्याच प्रवेशात मॅकबेथला देऊन टाकली आहे. प्रेक्षकांना ते ठाऊक आहे, त्याला नाही. आणि बँको त्याच माळावर उभा आहे. तुझे वंशज राजे होतील, हे त्यालाही सांगितलं जातं. तो कुणाचा जीव घेत नाही.

तालमीत इथे एक चूक हमखास होते. नट्या किंचाळतात, खिदळतात आणि शब्द वाहून जातात. इंग्रजी संहितेत बाकीची पात्रं बहुतेक 10 अक्षरांच्या ओळीत बोलतात, पहिलं अक्षर हलकं, दुसऱ्यावर जोर. चेटकिणींच्या ओळी साधारण 7 अक्षरांच्या, जोर पहिल्याच अक्षरावर. बडबडगीताचा ठेका आहे तो. ठेका साधा आणि शांत ठेवला की त्याची भीती वाटते. मराठीत हे नाटक आणणाऱ्यांपुढेही हाच पेच असतो. शिरवाडकरांनी 1954मध्ये त्याचं ‘राजमुकुट’ केलं. अशा रूपांतरात अर्थ उतरतो, ठेका मात्र आपल्या कानाचा नव्याने शोधावा लागतो.

हे नाटक बसवताना आमच्या मते एकच प्रश्न प्रत्येक प्रवेशाला विचारावा : हे कुणाला दिसतंय? चेटकिणी दोघांना दिसतात. खुनाआधी हवेत तरंगणारा खंजीर एकट्या मॅकबेथला दिसतो, आणि त्याच स्वगतात तो म्हणतो, हा तापलेल्या डोक्याचा खेळ तर नव्हे? खंजीर दोरीला टांगून किंवा पडद्यावर प्रक्षेपित करून दाखवला, की त्याची शंकाच खोटी पडते. प्रेक्षकांना खंजीर दिसायचा तो नटाच्या नजरेत.

[दोन हात. मनगटापर्यंत लाल.]

आता रक्त. रंगमंचासाठी ते ग्लुकोज सिरप, लाल खाद्यरंग, काळपटपणासाठी चिमूटभर कोको आणि धुताना निघावं म्हणून थोडं द्रवरूप साबण असं घरीही करता येतं. ज्या कापडाचा पोशाख आहे, त्याच्या चिंधीवर आधी धुऊन बघावं. साबण असल्यामुळे ते तोंडात किंवा डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही. सिरप जास्त झालं तर मूठ तळहाताला चिकटते आणि खंजीर सोडताना नट अडखळतो. पाणी जास्त झालं तर ओघळ कोपरापर्यंत जातो. सगळ्यात फसवा असतो प्रकाश. रात्र म्हणून निळा प्रकाश टाकला की लाल रंग काळा दिसतो आणि रक्त माखलेले हात चिखलाचे वाटतात. त्यासाठी मशालीच्या बाजूने एक उबदार पिवळा झोत हातांच्या उंचीवर लागतो. शेक्सपियरच्या ग्लोब नाट्यगृहात प्रयोग दुपारी, उघड्या आभाळाखाली होत. तिथे हातातली मशाल पाहून आणि शब्द ऐकून प्रेक्षकांनी रात्र मानून घ्यायची.

यानंतर दारूच्या धुंदीतला द्वारपाल येतो आणि आपण नरकाच्या दाराशी आहोत, असं समजून बडबडतो. अनेकांना हा प्रवेश उपरा वाटतो, काही जण कापूनही टाकतात. कापल्यावर कळतं काय गेलं ते. मॅकबेथला हात धुऊन, झोपेतून उठल्याच्या कपड्यांत परत यायचं असतं, आणि तेवढा वेळ हा द्वारपालच देतो. विंगेत बादली, टॉवेल आणि झगा हातात घेऊन उभा असलेला माणूस या प्रवेशाला कधीच उपरा म्हणणार नाही. शिवाय ठोठावणं चालूच राहतं. बाहेरचं जग आत शिरायला निघालंय.

राजा झाल्यावर मॅकबेथ मारेकरी पाठवून बँकोलाही मारवतो. त्याच रात्रीच्या मेजवानीतलं बँकोचं भूत हा खरा वादाचा मुद्दा. 1623च्या छापील प्रतीत रंगसूचना स्पष्ट आहे : बँकोचं भूत येतं आणि मॅकबेथच्या जागेवर बसतं. म्हणजे नट हवाच. तरी 1794मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात जॉन फिलिप केंबल या नटाने भूत काढून टाकलं आणि रिकाम्या आसनाकडे बघून प्रवेश केला. दोन्ही चालतं, पण दोन्हीची शिस्त वेगळी. भूत दाखवायचं असेल तर मॅकबेथ दाराशी मारेकऱ्याशी बोलत असताना, पाहुण्यांच्या हालचालीच्या आडून नटाला पाठमोरं बसवावं. बाकीच्यांनी त्या आसनाकडे चुकूनही दचकून बघायचं नाही. त्यांनी बघायचं मॅकबेथकडे. एका पाहुण्याची मान वळली की भूत सगळ्यांचं झालं. आसन रिकामं ठेवायचं असेल तर मॅकबेथची नजर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर पक्की हवी. ती वीतभर खालीवर झाली तरी तिथलं माणूस नाहीसं होतं. आणि भूत दोनदा येतं, बँको इथे असता तर बरं झालं असतं, असं मॅकबेथ तोंडदेखलं म्हणतो त्या त्या वेळी.

[एक मेणबत्ती.]

पाचव्या अंकात लेडी मॅकबेथ झोपेत चालते. इथे भूत नाही, चेटकीण नाही, एक वैद्य आणि एक दासी आहे. दिवा सतत जवळ हवा, असा तिचा हुकूम आहे. खुनाच्या रात्री ती म्हणाली होती, थोडंसं पाणी घेतलं की यातून सुटलो. आता ती कोरडे हात चोळते. दासी सांगते, असं पाव पाव तास चालतं. वास जात नाही, अरबस्तानातली सगळी अत्तरं या एवढ्याशा हाताला पुरणार नाहीत. तिच्या बोलण्यात एक, दोन असे घंटेचे टोल येतात, म्हाताऱ्याच्या अंगात एवढं रक्त असेल असं वाटलं होतं का कुणाला, हा प्रश्न येतो, मॅकबेथने मारवलेली सरदार मॅकडफची बायको येते, बँको येतो, आणि शेवटी पुन्हा फाटक वाजतं. ते आता फक्त तिलाच ऐकू येतं. तिच्या तोंडी बहुतेक गद्य आहे, छंद सुटलेला आहे.

पूर्वीच्या नट्या हा प्रवेश मेणबत्ती हातात धरूनच करत. 1785मध्ये सारा सिडन्सने ती खाली ठेवली. नाट्यगृहाचे चालक शेरिडन यांनी तिला अडवून बघितलं, तिने ऐकलं नाही. तिचं म्हणणं सरळ होतं. हात धुवायचे तर दोन्ही मोकळे हवेत.

लेडी मॅकबेथ मरते तेव्हा आतून बायकांचा आकांत ऐकू येतो. मॅकबेथ विचारतो, हा कसला आवाज? एक काळ असा होता, तो म्हणतो, की रात्रीची किंकाळी ऐकून माझं रक्त गोठायचं. भीतीची चवच विसरलोय मी आता.