शहाण्णव अश्रूंची मालकी

(दृश्य: टेबलावर जुना कॉम्बो ऑर्गन, झाकण उघडलेलं. कॅमेरा पट्ट्यांवरून आत उतरतो.)

पेटी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भाता येतो. या पेटीला भाता नाही. ही पेटी म्हणजे कॉम्बो ऑर्गन: विजेवर चालणारा, उचलून नेता येणारा. १९६६ च्या एका अमेरिकी गाण्याचा आवाज अशाच पेटीतला, आणि ते गाणं कोणाच्या मालकीचं, ही आजची गोष्ट. पितळेच्या रीड नाहीत, हवा नाही. आत आहेत ते बारा सर्किट बोर्ड, एकाला एक लावून उभे केलेले. प्रत्येक बोर्ड एका स्वराचा. कोमल-तीव्र धरून सप्तकात बारा स्वर, म्हणून बोर्डही बारा.

बोर्डावरचा ऑसिलेटर फक्त सगळ्यात वरचा स्वर तयार करतो. समजा सेकंदाला १७६० कंपनं. त्याच्या खालचं सप्तक हवं असेल तर नवा ऑसिलेटर लागत नाही. ट्रान्झिस्टरची एक जोडी ती कंपनं निम्मी करते: ८८०. पुढची जोडी पुन्हा निम्मी करते: ४४०. मग २२०.

(दृश्य: पेचकस धरलेला हात. एका बोर्डावरची कॉइल.)

रचना अशी असल्यामुळे बिघाडाचा पत्ता कानानेच लागतो. एकच स्वर सगळ्या सप्तकांत बेसूर लागतोय? त्या बोर्डाचा ऑसिलेटर सरकलाय. कॉइलमधला गाभा किंचित फिरवायचा, पण प्लास्टिकच्या पेचकसाने. लोखंड जवळ नेलं की स्वर आणखी हलतो आणि हात काढला की भलतीकडेच बसतो. वरचा स्वर वाजतोय, पण खालच्या सप्तकातला मुका आहे? मधली निम्मं करणारी जोडी गेली. पट्टी दाबल्यावर खरखर येतेय? पट्टीखालच्या संपर्काच्या तारा काळवंडल्यात. पन्नास-साठ वर्षांच्या ऑर्गनमध्ये सगळ्यात जास्त वेळ या तारा साफ करण्यातच जातो.

आता कान देऊन ऐका.

(ध्वनी: एकच पट्टी. आधी हळू दाबलेली, मग जोरात.)

फरक नाही. कशीही दाबा, आवाज तेवढाच. सोडली की सुरी फिरवल्यासारखा थांबतो. तेव्हा वाजवणाऱ्याच्या हातात उरतं एवढंच: पट्टी किती वेळ धरायची. १९६६ साली फ्रँक रॉड्रिगेझ नावाच्या शाळकरी मुलाने हे बरोबर ओळखलं. त्याने स्वर धरून ठेवलेच नाहीत. तुटक, ठोकल्यासारखे वाजवले आणि तोच तुकडा गाणंभर चालू ठेवला.

(ध्वनी: तो तुकडा, चार वेळा.)

गाण्याचं नाव ‘नाइन्टी-सिक्स टिअर्स’, शहाण्णव अश्रू. बँडचं नाव ‘क्वेश्चन मार्क अँड द मिस्टेरियन्स’. रेकॉर्डवर मात्र पहिल्या दोन शब्दांच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह छापलेलं असायचं. त्या रेकॉर्डवरचा ऑर्गन फार्फिसा कंपनीचा की व्हॉक्सचा, यावर संग्राहक आजही हमरीतुमरीवर येतात. आमच्या मते हा वाद फुकटचा आहे. दोन्ही यंत्रं याच घराण्यातली. महत्त्वाचं हे की असा ऑर्गन एका माणसाला उचलता यायचा. चर्चमध्ये आणि जॅझमध्ये वाजणारा हॅमंड बी-थ्री पायपट्ट्या आणि बाक धरून जवळपास १९० किलोंचा. तो पोरांच्या गाडीत कुठला मावणार.

(दृश्य: मिशिगन राज्य, सॅगिनॉ खोरं. सपाट रान, क्षितिजापर्यंत गेलेल्या ओळी.)

ही पोरं इथली. बे सिटी आणि सॅगिनॉ, डेट्रॉइटच्या उत्तरेला. या रानात साखर पिकते, पण उसातून नाही. शुगरबीटच्या पांढऱ्या, जाडजूड कंदातून.

शुगरबीटचं जुनं बी म्हणजे खरं तर बियांचा गोळाच. एका गोळ्यातून दोन-चार रोपं एकमेकांत गुंतून वर येत. ती तशीच ठेवली तर कंद बारीक राहतात. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाला विरळणी. माणूस आखूड दांड्याचं खुरपं घेऊन ओळीवर वाकतो. दर दहा-बारा इंचांवर रोपांचा एक झुबका ठेवून मधले कापत जातो. मग त्या झुबक्यातलं एक जोमदार रोप राखून बाकीची बोटांनी उपटतो. दांडा आखूडच का? दुसऱ्या हाताची बोटं त्याच वेळी रोपांपर्यंत पोचायला हवीत म्हणून. ओळ संपेपर्यंत कंबर सरळ करायची सोय नाही. शरद ऋतूत पुन्हा तेच वाकणं: टोकाला आकडा असलेल्या सुऱ्याने कंद उचलायचा आणि त्याचा शेंडा छाटायचा.

(दृश्य: आकड्याचा सुरा, हातात. पातं झिजलेलं.)

या कामाला साखर कंपन्यांनी टेक्सासमधून मेक्सिकन वंशाची कुटुंबं आणली. मुकादम ठरलेला, ट्रक ठरलेला, हंगाम ठरलेला. पुढे एका गोळ्यातून एकच रोप देणारं बियाणं निघालं, यंत्रं आली आणि विरळणीचं काम आटत गेलं. तोवर बरीच कुटुंबं हिवाळ्यात परत न जाता इथेच राहिली होती. सॅगिनॉ आणि फ्लिंटमध्ये जनरल मोटर्सचे कारखाने आणि ओतशाळा होत्या. तिथे बारमाही पगार होता. मिस्टेरियन्स ही अशा घरांतली पोरं.

१९६२ मध्ये तिघांनी सुरुवात केली: बॉबी बाल्डेरामा गिटारवर, लॅरी बोर्हास बेसवर, रॉबर्ट मार्टिनेझ ड्रमवर. गायक नव्हता, नुसती वाद्यं. नाव घेतलं ते तोहो कंपनीच्या १९५७ च्या जपानी चित्रपटातून. परग्रहावरून आलेल्या आक्रमकांना त्यात मिस्टेरियन्स म्हणतात. मग रॉबर्टचा भाऊ रुडी गायला आला. त्याने स्वतःचं नावच प्रश्नचिन्ह करून टाकलं, पुढे कायद्यानेही तेच घेतलं. काळा चष्मा चढवला तो लोकांसमोर कधी उतरवला नाही. आपण मंगळावरून आलो, असंही तो सांगायचा. ज्या गावात आडनाव ऐकूनच माणूस कुठल्या रानातला ते ओळखलं जायचं, तिथे हा नुसता विक्षिप्तपणा होता असं आम्हाला वाटत नाही.

व्हिएतनामची सैन्यभरती जोरात होती. बोर्हास आणि रॉबर्ट सैन्यात गेले. ड्रमवर एडी सेराटो आला, बेसवर फ्रँक लुगो.

(दृश्य: बे सिटीतली एक निवासी गल्ली. साधी लाकडी घरं, व्हरांडे.)

रेकॉर्डिंग झालं ते अशाच एका घरात, आर्ट शील यांच्या घरगुती स्टुडिओत, १९६६ च्या वसंतात. घरगुती स्टुडिओत भिंती जवळ, छत खाली. ड्रमचा आवाज गायकाच्या माइकमध्ये शिरतो, गिटार ड्रमच्या माइकमध्ये. नंतर एकच वाद्य वाढवायचं म्हटलं तर दुसरंही सोबत वाढतं. त्यामुळे सगळा हिशेब वाजवतानाच करावा लागतो. कोणी कुठे उभं राहायचं, ॲम्प्लिफायरचं तोंड कुठे करायचं, आवाज किती ठेवायचा. गॅरेज रॉकचा, म्हणजे घरच्या गॅरेजात वाजवणाऱ्या पोरांच्या संगीताचा, तो दाटीवाटीचा आवाज म्हणजे मोठी आवड वगैरे नाही. जागा नव्हती.

रेकॉर्ड निघाली पा-गो-गो नावाच्या छोट्या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीवर, क्रमांक १०२. लेबल बँडच्या व्यवस्थापक लिली गोन्झालेस यांचं. दुसऱ्या बाजूला ‘मिडनाइट अवर’. खरी बाजू कोणती, यावर वाद झाला. ‘शहाण्णव अश्रू’च पुढे करा, हा हट्ट प्रश्नचिन्हाचा.

(दृश्य: सात इंची तबकडी, मधलं मोठं भोक. तबकडी फिरू लागते.)

सात इंच, मिनिटाला ४५ फेरे, मध्ये दीड इंचाचं भोक. तबकड्या आपोआप बदलणाऱ्या प्लेयरच्या जाड दांड्यावर ती पटकन बसावी म्हणून एवढं मोठं. छोट्या लेबलचं गणित नेहमी इथेच अडतं. छपाईचे पैसे कारखान्याला आधी मोजायचे. दुकानदार माल उधारीवर घेणार, विकला नाही तर परत करणार. वितरक महिनोन्महिने पैसे देणार नाही. म्हणजे रेकॉर्ड पडली तर थोडक्यात सुटका, पण चालली तर पंचाईत. मागणी आलीय आणि पुढच्या छपाईला पैसाच नाही. अशा वेळी मोठी कंपनी दारात येते आणि मास्टर टेप, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगची टेप, मागते.

मागणी आणली रेडिओने. आधी फ्लिंटचं डब्ल्यूटीएसी, मग सीकेएलडब्ल्यू. हे दुसरं केंद्र डेट्रॉइट नदीपलीकडे कॅनडात, विंडसरमध्ये. पन्नास हजार वॉटचं. रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून लहरी परततात तेव्हा ते आसपासच्या कित्येक राज्यांत ऐकू यायचं. एएम रेडिओ आणि मोटारीतला छोटा स्पीकर मिळून खालचा बेस खातात आणि वरची झिलईही. उरतो मधला पट्टा, आणि या ऑर्गनचा सगळा आवाज नेमका तिथेच आहे. महागड्या स्टुडिओतली व्हायोलिनं मोटारीत विरघळून जायची. हा तुकडा इंजिनाच्या घरघरीतूनही टोचायचा.

(ध्वनी: तोच तुकडा, मोटारीच्या रेडिओतून आल्यासारखा.)

टेप घेतली फिलाडेल्फियाच्या कॅमिओ-पार्कवेने. तिथला तरुण अधिकारी नील बोगार्ट, पुढे डिस्कोच्या काळात कॅसाब्लांका रेकॉर्ड्स काढणारा. तेच रेकॉर्डिंग, नवं लेबल, क्रमांक सी-४२८.

(दृश्य: जुना बिलबोर्ड तक्ता. कॅमेरा वर सरकतो.)

२९ ऑक्टोबर १९६६. बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या साप्ताहिक यादीत, पहिला क्रमांक. आधीचे दोन आठवडे तिथे फोर टॉप्स होते, पुढच्या आठवड्यात मंकीज आले. मधला एक आठवडा सॅगिनॉ खोऱ्याचा. दहा लाखांवर प्रती.

आता दहा लाखांचा हिशेब. अमेरिकेत १९०९ च्या कायद्याने छापील दर ठरलेला होता: विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे गाण्याला जास्तीत जास्त दोन सेंट. हा दर १९७८ उजाडेपर्यंत जागचा हलला नाही. दोन सेंटांतला निम्मा वाटा रिवाजाने प्रकाशकाचा. गीतकाराकडे एक सेंट. म्हणजे दहा लाख प्रतींवर सगळं सुरळीत वसूल झालं तरी दहा हजार डॉलर. तेही ज्याचं नाव कंसात छापलंय त्याला. इथे ते नाव एकट्या रुडी मार्टिनेझचं, म्हणजे प्रश्नचिन्हाचं. तो ऑर्गनचा तुकडा वाजवणाऱ्याला या हिशेबात ओळच नाही. आणि अमेरिकी एएम-एफएम रेडिओ गीतकाराला आणि प्रकाशकाला पैसे देतो. वाजवणाऱ्यांना आणि रेकॉर्डिंगच्या मालकाला आजही देत नाही. सीकेएलडब्ल्यू कॅनडातलं, पण तेव्हा तिथेही वाजवणाऱ्याच्या हाती काही येत नव्हतं.

(दृश्य: तक्त्याची पुढची पानं, भराभर.)

पुढचं गाणं बाविसाव्या क्रमांकापर्यंत पोचलं. त्यानंतरचं छप्पन्नाव्या. ‘एका गाण्याचा बँड’ हे बिरुद त्यामुळे काटेकोर नाही, पण चिकटलं ते चिकटलंच. १९६७ मध्ये कॅमिओ-पार्कवेचा ताबा संगीतव्यवसायातले व्यवस्थापक ॲलन क्लाइन यांच्याकडे गेला आणि नव्या रेकॉर्ड निघणं थांबलं. कंपनीचं नाव पुढे एब्को झालं. टेपा तिच्यासोबत गेल्या.

गाणं मात्र इतरांनी गायलं. अरेथा फ्रँकलिनने १९६७ मध्ये. गारलंड जेफ्रीजने १९८१ मध्ये. स्ट्रँग्लर्सने १९९० मध्ये, ब्रिटनच्या पहिल्या विसात. डेट्रॉइटच्या ‘क्रीम’ मासिकात १९७१ साली ‘पंक रॉक’ हा शब्द छापून आला तो याच बँडबद्दल लिहिताना. शब्दाच्या अगदी सुरुवातीच्या वापरांपैकी तो एक. सगळं होत होतं, फक्त मूळ रेकॉर्डिंग दुकानात मिळत नव्हतं. सीडीचा जमाना आला, भरात आला, उतरणीला लागला, तेव्हा कुठे २००५ मध्ये एब्कोने ते अधिकृत सीडीवर काढलं.

(दृश्य: रंगमंच. काळा चष्मा, मागे ऑर्गन.)

तोवर बँडने स्वतःचा मार्ग काढला होता. १९९७ मध्ये गाणी पुन्हा रेकॉर्ड केली. यातलं तंत्र समजून घ्यायला हवं. गाण्याची रचना एक मालमत्ता, तिचं एखादं रेकॉर्डिंग दुसरी. नवं रेकॉर्डिंग केलं की नवी टेप, नवी मालकी. करारात सहसा काही वर्षं तेच गाणं पुन्हा न गाण्याची अट असते; ती सरली की रस्ता मोकळा. टेलर स्विफ्टने २०२१ पासून हेच केलं आणि जगभर त्याची चर्चा झाली. अडचण कानाची आहे. जाहिरातवाल्याला, चित्रपटवाल्याला हवा असतो तो १९६६ चा आवाज, त्या खोलीचा, त्या दाटीचा.

(दृश्य: क्लिओ, मिशिगन. बर्फ, जळालेल्या घराची चौकट.)

जानेवारी २००७ मध्ये प्रश्नचिन्हाचं घर जळालं. विमा नव्हता. एडी सेराटो २०११ मध्ये गेला.

(दृश्य: काही क्षण शब्द नाहीत. मग टेपचं रीळ, फिरणारं.)

अमेरिकी कायद्यात गीतकाराला ५६ वर्षांनी आपल्या रचनेचे हक्क परत मागायची वाट आहे. १९६६ च्या गाण्यांसाठी ती २०२२ मध्ये उघडली. रेकॉर्डिंगला ती लागू नाही. १९७२ आधीची रेकॉर्डिंगं संघीय कायद्याच्या छत्राखाली आली तीच २०१८ मध्ये, आणि १९५७ नंतरच्यांना मिळालेली मुदत आहे १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत.

(दृश्य: मोबाइलचा पडदा. बोट गाण्याच्या तपशिलांवर थांबतं.)

फोनवर गाणं शोधलंत तर एकाच नावाची दोन-तीन रेकॉर्डिंगं समोर येतील. चित्र सारखं असू शकतं, लांबीही जवळपास सारखी. तपशील उघडा आणि खालची बारीक ओळ वाचा. गोलात ‘पी’ अक्षर असतं, पुढे साल आणि नाव. ते नाव रेकॉर्डिंगच्या मालकाचं. तुम्ही वाजवलंत की रेकॉर्डिंगचा वाटा त्या पत्त्यावर जातो.

(ध्वनी: तो तुकडा. गाणं हळूहळू विरत जातं.)