मेमो

[दृश्य: वॉर्डाचं दार. ट्रॉली आत येते.]

सकाळचे पावणेआठ. नाईटची सिस्टर ओव्हर देतेय, मॉर्निंगची घेतेय. चार नंबरचं सलाईन संपत आलंय, नऊ नंबरची शुगर बघायची राहिलीय, अकरा नंबरचे नातेवाईक रात्रभर भांडत होते. दोन मिनिटांत आटपायला हवं, आठची एसटी कुणासाठी थांबत नाही.

पाळी बदलताना रुग्णाची महत्त्वाची माहिती बऱ्याचदा सांगायची राहून जाते. पटतं, की पटत नाही?

हे विधान आलंय अमेरिकेतून. १९९९ साली तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं अंदाज मांडला, की रुग्णालयांतल्या चुकांमुळे वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार माणसं दगावतात. चूक कुणाची, यापेक्षा चूक झाल्यावर ती सांगायची हिंमत होते का, हा प्रश्न मोठा ठरला. २००४ मध्ये ‘एजन्सी फॉर हेल्थकेअर रिसर्च अँड क्वालिटी’ या सरकारी संस्थेनं रुग्णालयातल्या लोकांसाठी प्रश्नावली काढली. विधानं ४२. २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती ३२ वर आली. डॉक्टर, नर्स, फार्मसीवाले, आणि फरशी पुसणाऱ्या मावशीसुद्धा यात धरल्या आहेत. हे शेवटचं लक्षात ठेवा.

[दृश्य: टेबल, चहाचे कप, खाडाखोड केलेले कागद. फक्त हात.]

रुग्णालयाचं नाव सांगायचं नाही आणि चेहरे दाखवायचे नाहीत, या अटीवरच कॅमेरा आत आला.

तीच प्रश्नावली इथे मराठीत आणायचं काम चाललंय. भाषांतर दोघांनी वेगवेगळं करायचं, ही पद्धत. एक नर्सिंग शिकवणाऱ्या बाई, दुसरे शाळामास्तर. मास्तरांचा दवाखान्याशी संबंध फक्त पेशंट म्हणून. मग दोन्ही मसुदे समोरासमोर ठेवून एक करायचा.

पहिल्याच शब्दावर गाडी अडली. ‘युनिट’. आपल्याकडे मोठ्या सरकारी रुग्णालयात युनिट म्हणजे अमुक सरांचं युनिट, त्यांच्या हाताखालचे डॉक्टर. सिस्टरांसाठी जागा म्हणजे वॉर्ड. युनिट खोडलं, वॉर्ड आला.

मग ‘रुग्ण सुरक्षा’. शब्द अगदी शुद्ध. पण डॉक्टरांवरच्या हल्ल्यांनंतर रुग्णालयांच्या गेटवर सुरक्षारक्षक आले, तेव्हापासून सुरक्षा म्हटलं की लोकांना काठी दिसते. शेवटी वर खुलासा टाकला: उपचार करताना आपल्या हातून पेशंटला इजा होऊ नये, यासाठीची काळजी.

[दृश्य: लिननची खोली. मावशी चादरींच्या घड्या घालताहेत. मांडीवर कागद.]

आता खरी गंमत. मूळ विधान साधारण असं: एखादी घटना कळवली, की प्रश्नाची नव्हे, माणसाचीच तक्रार लिहिली जाते असं वाटतं. पहिल्या मराठीत ते झालं, ‘समस्येबद्दल नव्हे, तर व्यक्तीबद्दल लिहिले जाते’. मूळ कधीही न पाहिलेल्या तिसऱ्या माणसाकडून त्याचं पुन्हा इंग्रजी करून घेतलं. शब्दाला शब्द जुळला. समितीनं बरोबरची खूण केली.

मावशींनी वाचलं, घडी घालता घालता विचारलं, “लिहितात म्हणजे? पेपरात नाव येतं काय?”

उलट भाषांतराची कसोटी इथे फसते. शब्द जितका आंधळेपणानं उचललेला, तितका तो परतताना हुबेहूब परततो. कागदावर पास, लिननच्या खोलीत नापास. म्हणून मसुदा प्रत्यक्ष माणसांना वाचायला देऊन पाहतात; अशा चाचणीला तीस-चाळीस माणसं घ्यावीत असा संकेत आहे. ती सगळी शिकलेली घेतली असती, तर खूण तशीच राहिली असती.

“मग तुम्ही काय म्हणाल?” बाईंनी विचारलं.

“मेमो काढला म्हणतात की!”

[दृश्य: खोडरबर. नवी ओळ लिहिणारा हात.]

‘एखादी चूक कळवली, की माणसालाच मेमो काढल्यासारखं वाटतं, मूळ अडचण तशीच राहते.’ मेमो हा काही मराठी शब्द नाही, ‘कारणे दाखवा नोटीस’ लिहा, असं समितीत एकानं सुचवलं. अर्धा तास गेला. मेमो राहिला, आणि राहिला ते बरंच झालं.

‘सहमत’, ‘असहमत’ही गेले. ‘पटतं’, ‘पटत नाही’ आले.

पुढचं काम आकड्यांचं. संगणकाच्या पडद्याचं चित्रण करून फारसं काही हाती लागत नाही, म्हणून थोडक्यात. एका गटातली विधानं एकमेकांशी जुळतात का, ते ‘क्रॉनबाखचा अल्फा’ नावाचा आकडा सांगतो, ०.७० च्या वर गेला की चालतं म्हणतात. तीच माणसं दोन आठवड्यांनी पुन्हा तसंच उत्तर देतात का, तेही बघायचं. उत्तरांचा अहवाल वर जाईल.

[दृश्य: कुलूप लावलेली पत्र्याची पेटी.]

फॉर्मवर नाव नाही. भरून पेटीत टाकायचा. पेटी पहिल्या दिवशी इन्चार्ज सिस्टरांच्या टेबलावर ठेवली होती. संध्याकाळपर्यंत रिकामी. दुसऱ्या दिवशी ती जिन्याखाली हलवली, पिण्याच्या पाण्याच्या टाकीजवळ. तिथे सगळेच थांबतात.

[दृश्य: रात्र. मावशी, पाठमोऱ्या. हातात पेन.]

मेमोच्या ओळीवर पेन थांबलंय. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं, आणि मग खूण केली.