गणपतीला येता, तसे सभेलाही या

(दृश्य: रत्नागिरी. मुसळधार पाऊस. चारमजली इमारत, बऱ्याच फ्लॅटना कुलूप.)

रत्नागिरी, चिपळूण, खेड, कणकवली. कोकणात फ्लॅट आले आणि त्यांच्यासोबत इथला जुना प्रश्नही आला. घर इथे, मालक मुंबईला. मग सोसायटीची कमिटी उरते ती इथे राहणाऱ्या मोजक्यांवर. "तुम्ही इथेच असता, तुम्हीच बघा," असं म्हणत एखाद्या निवृत्त गुरुजींना अध्यक्ष केलं जातं. पदाचं काम मात्र त्यांना कोणी समजावून सांगत नाही.

अध्यक्ष सभा चालवतो, कारभारावर देखरेख ठेवतो, मतं समसमान पडली तर निर्णायक मत देतो. आणीबाणीत तो कमिटीचे अधिकार एकट्याने वापरू शकतो, पण कारणं लेखी नोंदवून आणि कमिटीच्या पुढच्या सभेत मंजुरी घेऊन. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडवलं. अशा वेळी गच्चीवरचे पत्रे उडाले, मीटर पाण्याखाली गेले, तर सभेची वाट बघत बसता येत नाही. ही तरतूद आहे ती अशा दिवसासाठी. रंगकामाचं कंत्राट परस्पर देऊन टाकायला नाही.

खरा भार सचिवावर असतो. नोटिसा, इतिवृत्त, सभासदांची नोंदवही, पत्रव्यवहार, सगळं त्याच्याकडे. हिशेब खजिनदार बघतो. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार, बँकेच्या चेकवर सचिवाची सही लागते आणि जोडीला अध्यक्षाची किंवा खजिनदाराची. दोन सह्या म्हणजे पैशावर दोघांची नजर. मुलाकडे मुंबईला जाताना कोऱ्या चेकवर सही करून ठेवायची सवय म्हणूनच मोडली पाहिजे. त्यात विश्वासाचा प्रश्न नाही. दुसरी सही ठेवली आहे ती तपासण्यासाठी.

(दृश्य: गच्चीचा स्लॅब. पोपडे निघालेले, गंजलेली सळई उघडी.)

खाऱ्या हवेत सळई लवकर गंजते. इमारत १५ वर्षांची झाली की दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांनंतर दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करायचं असतं. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला ०.७५ टक्के, सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची राखीव शिल्लक, किमान ०.२५ टक्के. हे पैसे मागताना कमिटीला वाईटपणा घ्यावा लागतो, आणि बंद फ्लॅटचा मालक फोनवर विचारतो, "मी राहतच नाही, तर कशाला भरू?" गळणारा स्लॅब सगळ्यांचा आहे, त्याच्या कुलूपबंद फ्लॅटवरचासुद्धा. हे त्याला समोर बसवूनच सांगावं लागतं.

समोर बसवायची वेळही कोकणाला आयती मिळाली आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि गणपती दरवर्षी त्याआधीच येतात. चाकरमानी तेव्हा इथे असतो. मात्र नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. म्हणजे गौरी-गणपतीचं विसर्जन झाल्यावर लगेच सभा हवी, तर सचिवाने श्रावणातच नोटीस काढायला हवी, आणि खजिनदाराचे हिशेब त्याआधी तयार हवेत.