गाडी पुसू नका, धुवा

(कोथरूडमधल्या एका सोसायटीत रविवारी सकाळी झालेलं बोलणं, थोडं आवरून)

नमस्कार मंडळी. वर येताना तुमच्या पार्किंगमधून जरा रमतगमत आलो, मोबाईलचा टॉर्च लावून चार-पाच गाड्यांची बॉनेट बघितली, वॉचमनकाका संशयाने बघत होते ते सोडा. गाड्या सगळ्या स्वच्छ आहेत, रोज पुसलेल्या आहेत, आणि त्यांची चमक गेलीय ती नेमकी त्या रोजच्या पुसण्यानेच.

घरी गेलात की तुम्हीपण टॉर्च मारून बघा, शक्यतो काळ्या नाहीतर गडद निळ्या गाडीवर. उजेडाभोवती गोल गोल बारीक रेघा दिसतील. लोकांना वाटतं पुसणाऱ्याने गोल हात फिरवला म्हणून रेघा गोल पडल्या, पण तसं नाहीये, रेघा वाट्टेल तशा पडलेल्या असतात, फक्त ज्या उजेडाला आडव्या असतात तेवढ्याच चमकतात म्हणून आपल्याला गोल दिसतं. टॉर्च दुसरीकडे न्या, गोलही बरोबर तिकडे जाईल. म्हणजे अख्ख्या बॉनेटभर ओरखडे आहेत.

आता हे ओरखडे नक्की कशावर पडतात? पत्र्यावर आधी गंज न धरणारा थर, मग प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लॅकर. चमक जी दिसते ती या वरच्या थराची, आणि त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन. आपला केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे केसापेक्षाही पातळ थरावर आपण रोज सकाळी फडकं मारतोय. तेही कसल्या धुळीवर, तर पुण्यात सगळीकडे बांधकाम चालू, मेट्रो म्हणा, नवीन टॉवर म्हणा, रीडेव्हलपमेंट तर तुमच्या शेजारीच चाललंय, ती सगळी क्रश सँड म्हणजे काळ्या पाषाणाची भुकटी. फडक्याखाली ती आली की पॉलिशपेपरच झाला की.

सोसायटीत गाड्या पुसणारा जो मुलगा असतो त्याला मी बिलकुल दोष देत नाही हां. महिन्याला पाच-सहाशे रुपये देतो आपण, सकाळी आठच्या आत त्याला पंधरा-वीस गाड्या उरकायच्यात, बादली एक, फडकं एक, पाणी तिसऱ्या गाडीलाच चहासारखं झालेलं, तो बदलणार कधी आणि कुठून? त्याला एवढंच सांगा की बाबा रोज नको, आठवड्यातून एकदा कर पण नीट धुऊन कर, पैसे तेवढेच देतो, आणि फडकी माझी वापर. आणि तो पिसांचा किंवा धाग्यांचा झटकन्या डिकीत ठेवलेला असतो ना, सिग्नलला उतरून मारायला, तो आजच टाकून द्या.

धुवायचं कसं, तर सावलीत आणि बॉनेट गार झाल्यावर. आधी नुसतं पाणी मारून सुटी धूळ वाहून जाऊ द्यायची, हात लावायचा नाही. मग दोन बादल्या, एकीत शाम्पू, एकीत साधं पाणी. मऊ मायक्रोफायबरचा हातमोजा मिळतो, तो शाम्पूत बुडवून एक पॅनल, मग साध्या पाण्यात खळबळून परत शाम्पूत. टपापासून सुरुवात, खालची पट्टी शेवटी, चाकांचं फडकं वेगळं म्हणजे वेगळंच, ब्रेकची लोखंडी भुकटी असते तिथे. तुम्ही ती साध्या पाण्याची बादली शेवटी बघा एकदा, तळाला जो गाळ बसलेला असतो तो एरवी बॉनेटवर फिरला असता.

शाम्पू गाडीचाच घ्या. कपड्यांची पावडर नको, भांड्यांचा साबण नको, वरचं वॅक्स काढून टाकतात ते. रॉकेल-डिझेलचा हात मारणारे अजून आहेत, दोन दिवस चकचकीत दिसतं, मग त्याच तेलकटपणावर धूळ चिकटते आणि रबरी पट्ट्या फुगतात.

आणि गाडी आपोआप वाळू देऊ नका. पेठांमध्ये, जुन्या कोथरूडात खडकवासल्याचं पाणी येतं ते मऊ आहे, त्याचा फारसा त्रास नाही. पण वाघोली, खराडी, हिंजवडीकडे बोअर नाहीतर टँकर, त्यात क्षार भरपूर, पाणी उडून जातं आणि पांढरे गोल ठिपके मागे राहतात. ताजे असतील तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी घालून हलक्या हाताने निघतात, लगेच धुऊन टाकायचं. उन्हात महिनाभर शिजलेले असतील तर लॅकरमध्ये खड्डाच पडतो, मग पॉलिशशिवाय इलाज नाही. पक्ष्यांच्या विष्ठेचंही तेच, आम्ल असतं त्यात, प्रभात रोडला झाडाखाली गाडी लावणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. खरवडायचं नाही, ओला कपडा पाच मिनिटं ठेवायचा आणि उचलून घ्यायचं.

आता पॉलिश. इथे मला जरा जास्त बोलायचंय कारण सगळा घोळ इथेच आहे. पॉलिश आणि वॅक्स या दोन गोष्टी आहेत. वॅक्स वर बसतं, कार्नोबा नावाचं मेण ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवरून येतं, ते थोडे आठवडे टिकतं, पाणी झटकतं, बास. पॉलिश मात्र लॅकर घासून काढतं. ओरखडा भरत नाही, ओरखड्याच्या आजूबाजूचा थर खाली आणतं म्हणून तो दिसेनासा होतो. सुरीला धार लावण्यासारखंच, दर वेळी थोडं पातं जातं. दर सर्व्हिसिंगला "साहेब, रबिंग-पॉलिश करून टाकू का" म्हणतात आणि आपण हो म्हणतो, असं दरवर्षी केलं की कडांवर आधी लॅकर संपतं, मग उन्हाने तिथे पांढरे पोपडे निघतात, आणि त्याला रीपेंट सोडून उपाय नाही.

ही सवय आली कुठून तर फियाटच्या जमान्यातून. तेव्हाच्या पद्मिनी, अँबॅसेडर यांच्या रंगावर लॅकर नसायचं, रंग उन्हाने पिठूळ व्हायचा, घासलं की खालचा ताजा रंग वर यायचा आणि कापडाला गाडीचा रंग लागायचा. बाबा लोकांचं तेव्हा बरोबर होतं. गाडी बदलली, हात तोच राहिला.

मग करायचं केव्हा? धुतल्यावर हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि बॉनेटवरून फिरवा, खरखरीत लागलं तर आधी क्ले बार, म्हणजे एक प्रकारची माती मिळते, भरपूर शाम्पूपाण्यावरून सरकवायची, चिकटलेले कण उचलते. पुष्कळदा तेवढ्यावरच काम होतं, वर वॅक्स आणि झालं. तरीही ओरखडे डोळ्यात खुपतायत तर पॉलिश, पण आधी जाडी मोजायचं मीटर लावायला सांगा आणि सगळ्यात सौम्य पॉलिशपासून सुरू करायला सांगा. मीटर नाही म्हणाले तर उठून या.

सिरॅमिक कोटिंगचं, म्हणजे लॅकरवर लावायच्या पारदर्शक संरक्षक थराचं, कोणीतरी विचारणारच. चांगलं असतं, धुणं सोपं होतं, वर्ष-दोन वर्षं टिकतं. पण ते "9एच" म्हणून हिऱ्याच्या खालोखाल कडक असल्यासारखं सांगतात ना, ती पेन्सिलची मोजणी आहे, शिसपेन्सिलीने ओरखडा पडतो का एवढंच. क्रश सँड त्याला विचारतसुद्धा नाही. धुळीने भरलेल्या गाडीवर कोरडं फडकं मारलंत तर कोटिंगवरपण रेघा येणार. दगड उडण्यापासून वाचवायचं असेल तर पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, ती रंगावर चिकटवायची जाड पारदर्शक फिल्म असते, आणि तिची किंमत ऐकून मग तुम्ही बसून घ्या.

मागून एक काकू विचारतायत की दसऱ्याला बॉनेटवर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढतो त्याचं काय, पांढरी गाडी आहे. काढा की काकू, जरूर काढा, फक्त सुकं नको, पाण्यात कालवून बोटाने काढा आणि संध्याकाळी शाम्पूपाण्याने धुवा. हळदीचा पिवळेपणा राहिला तरी चार दिवस उन्हात उडतो, साडीवरचा उडतो तसाच. कुंकू मात्र हल्ली बहुतेक केमिकल रंगाचं, ते रात्रभर ठेवू नका. आणि झेंडूचा हार तारेत ओवलेला असतो तो ग्रिलला बांधून लगेच हायवेला निघतात लोक, ती तार सिंहगड रोड संपेपर्यंत बॉनेटची कड खरवडत जाते. दोऱ्यातला हार मागा फुलवाल्याकडे, दोन रुपये जास्त घेईल.