लोखंडाची गोळी, लकवा आणि डोक्यातलं रक्त

मागच्या महिन्यात यावलकडच्या एक ताई ओपीडीत आल्या, केळीच्या बागेत मजुरीला जातात, हिमोग्लोबिन 7.2. गोळ्या दिल्या होत्या त्या त्यांनी पंधरा दिवसांतच बंद केलेल्या. का, तर दिराच्या डोक्यात रक्तस्राव झाला आणि कुणीतरी मोबाईलवर दाखवलं की लोहाने मेंदू खराब होतो. मला विचारलं, "डाक्टर, ह्या लोखंडन्या गोया खाईसन लकवा व्हस का?" प्रश्न अगदी बरोबर आहे, म्हणून आज त्यावरच बोलतो.

आपण ज्याला अंगावरून वारं गेलं म्हणतो त्यात दोन प्रकार. एकात नस गुठळीने बंद होते, दुसऱ्यात नस फुटते. लोहाचा धोका जास्त कळतो तो फुटलेल्या नशीत. खोकल्याच्या औषधाचं झाकण साधारण 10 मिलीचं, तशी तीन झाकणं रक्त मेंदूत साचलं असं धरा. चांगल्या रक्ताच्या 1 मिलीत अर्धा मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे 15 मिलिग्रॅम लोह त्या एका जागी येऊन पडलं. आणि आपलं आतडं पूर्ण दिवसात किती लोह आत घेतं? 1 ते 2 मिलिग्रॅम! म्हणजे मेंदूला इजा करणारं ते लोह त्या दिवशीच्या मेथीच्या भाजीतून आलेलं नसतं, ते फुटलेल्या रक्ताचंच असतं.

मग ते करतं काय? काही दिवसांत साचलेल्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, हिमोग्लोबिन तुटतं, लोह सुटं होतं. मेंदूत चरबी भरपूर, आणि सुटं लोह त्या चरबीला खवट करतं. शब्द मुद्दाम वापरतोय, कळण्याच्या भाकरीवर घ्यायचं शेंगदाण्याचं तेल जुनं झालं की वास येतो ना, रसायन तेच, फक्त इथे लोहामुळे ते फार झपाट्याने होतं आणि पेशी मरतात. अशा मरणाला 2012 साली फेरोप्टोसिस हे नाव मिळालं. पहिल्या दिवशी बोलणारा पेशंट तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुस्त पडतो, सूज वाढते, त्यात या लोहाचाही हात असतो, नातेवाईकांनी आपणच सेवेत कमी पडलो असं मनाला लावून घेऊ नये.

मग लोह ओढून काढणारं औषध द्या की! दिलंय. डिफेरॉक्सामीन नावाचं, अमेरिका आणि कॅनडात पेशंटवर तपासलं, निकाल 2019 ला आला, औषध सुरक्षित निघालं पण अपेक्षित फायदा दिसला नाही. मला त्याचं खरंच वाईट वाटलं होतं.

आता ताटाचं. उंदरांना आठवडेच्या आठवडे लोह मिसळलेलं खाणं दिल्यावर नस बंद पडल्यानंतरची इजा मोठी झाली, हे खरं आहे. पण ते लोह आपल्या बाजरीच्या भाकरीतल्यापेक्षा कितीतरी पट जास्त. शिवाय लोह फार कमी असलं तरी धोका असतोच, काहींचे प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणारे कण, वाढतात, रक्त गोठायला लागतं, लहान मुलांतही असा लकवा दिसलाय. हां, थॅलेसेमिया असेल किंवा आपल्या नंदुरबारकडे अक्कलकुवा, धडगावात सिकलसेल आहे तिथे (दोन्ही रक्ताचे जन्मजात आजार), तपासल्याशिवाय स्वतःच्या मनाने लोहाची गोळी घेऊ नका, त्यांच्या अंगात लोह साठलेलं असू शकतं.

त्या ताईंचं बीपी घेतलं तर 170/100, आणि कधीच मोजलेलं नाही! मेंदूत नस फुटायचं सगळ्यात मोठं कारण हे. त्यांना म्हटलं ताई, गोळीची भीती सोडा, शेव-पापडाचं मीठ कमी करा. बीपीची गोळी रोज. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या, चहा तासभर लांब ठेवा. आणि दिराच्या घरच्या सगळ्यांचं बीपी मोजायला घेऊन या. परवा आल्या, पाच जणं सोबत. त्यातल्या दोघांचं वाढलेलं निघालं.