गाण्यातून गळा वेगळा काढताना

नमस्कार श्रोतेहो.

आवडत्या गाण्यातली वाद्यं गप्प करावीत आणि नुसता गळा ऐकावा, असं तुम्हाला कधीतरी वाटलं असेल. किंवा उलट, गाणाऱ्याला थोडा वेळ थांबवून मागे काय चाललंय ते ऐकावं. वाद्य शिकणाऱ्याला तर हे रोज वाटतं. बेस गिटारची एक ओळ उचलायची म्हणून तो तेच दहा सेकंद पुन्हा पुन्हा लावतो, आणि हवा तो सूर नेमका ड्रमच्या ठोक्याखाली दबलेला असतो. तयार ध्वनिमुद्रणातून असा एकेक आवाज सुटा कसा करतात, त्याबद्दल आज बोलतो.

यात अडचण काय आहे? सीडीवर दर सेकंदाला, डाव्या आणि उजव्या बाजूसाठी प्रत्येकी ४४,१०० आकडे असतात. एका आकड्यात त्या क्षणाचा सगळा आवाज आलेला असतो: गळा, व्हायोलिन, ड्रम, सगळ्यांची मिळून एक बेरीज. आता बेरीज दहा आली एवढंच मी सांगितलं, तर मूळ आकडे सात आणि तीन होते की सहा आणि चार, हे तुम्ही कसं ओळखाल? नुसत्या त्या आकड्यावरून ओळखता येतच नाही. आजूबाजूचे हजारो आकडे बघून, कोण कसं वाजतं हे ठाऊक असलं तरच अंदाज बांधता येतो.

आपला कान हेच करत असतो. कॉलिन चेरी या संशोधकाने १९५३ साली यावर प्रयोग केले. हेडफोनमधून एका कानात एक मजकूर, दुसऱ्या कानात वेगळाच मजकूर, आणि ऐकणाऱ्याने एकच म्हणून दाखवायचा. लोकांना ते सहज जमलं. पण दुसऱ्या कानात काय बोललं गेलं, हे त्यांना जवळजवळ काहीच सांगता आलं नाही. भरल्या खोलीत एकाच माणसाचं बोलणं आपण कसं पकडतो, या कोड्याला तेव्हापासून ‘कॉकटेल पार्टीचा प्रश्न’ म्हणतात.

यंत्राकडून हे करून घ्यायची जुनी युक्ती साधी होती. स्टिरिओ गाण्यात मुख्य आवाज बहुतेक वेळा मधोमध ठेवलेला असतो, म्हणजे दोन्ही बाजूंना तो सारखाच असतो. डावीतून उजवी वजा केली की सारखं ते नाहीसं होतं. पण मधोमध फक्त गायक नसतो. बेस असतो, ड्रमचा मुख्य ठोका असतो. तेही जातात आणि गाण्याचा पायाच निघून जातो. शिवाय गळ्याची घुमणारी आस दोन्ही बाजूंना वेगवेगळी पसरलेली असते, ती मागे रेंगाळते. मोनो ध्वनिमुद्रणावर तर ही युक्ती चालतच नाही, कारण तिथे वजा करायला दुसरी बाजूच नसते.

खरी वाट उघडली ती आवाजाचं चित्र काढल्यावर. आवाजाचे सेकंदाच्या काही शतांश भागांएवढे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यात कोणते स्वर किती जोरात आहेत ते मांडायचं. वेळ आडवी, स्वराची उंची उभी. या चित्राला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. त्यात ड्रमचा ठोका वरपासून खालपर्यंत उभी रेघ काढतो. पियानोचा सूर ठळक सुरू होऊन आडवा विरत जातो. माणसाचा गळा मात्र शिडीसारखा दिसतो: मूळ स्वर आणि त्याच्या पटीतले उपस्वर एकावर एक, आणि आवाज कंप पावला की सगळ्या पायऱ्या एकदमच लहरतात. मला स्वतःला हे चित्र फार सुंदर वाटतं.

आजची यंत्रं हे आकार ओळखायला शिकतात. त्यासाठी सगळी वाद्यं मुळातच वेगवेगळी हाताशी आहेत अशी गाणी लागतात. एमयूएसडीबी १८ नावाचा एक प्रसिद्ध संग्रह आहे, १५० गाण्यांचा, सुमारे दहा तासांचा. प्रत्येक गाणं चार भागांत: गळा, बेस, ड्रम आणि ‘इतर’. मिश्रण ऐकून यंत्र भाग पाडतं, खऱ्या भागांशी ताडून बघतं, चुकतं, सुधारतं. चित्रातल्या प्रत्येक चौकोनात, म्हणजे एका क्षणाच्या एका स्वरात, गळ्याचा वाटा किती, हे शून्य ते एकमधल्या आकड्यात ठरवायला ते असं शिकतं. २०१९ साली डीझर कंपनीने स्प्लीटर हे साधन सर्वांसाठी खुलं केलं. फेसबुकच्या संशोधकांचं डेमक्सही त्याच वर्षी आलं. त्याची पहिली आवृत्ती चित्राऐवजी थेट ध्वनिलहरीवरच काम करत होती.

पण निघालेला आवाज हा अंदाज असतो, हे विसरू नका. गळा आणि व्हायोलिन एकाच स्वरावर आले की एकाच चौकोनात दोघांचे हक्क येतात. वाटणीत कुणाचं तरी नुकसान होतं, आणि सुटा केलेला आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो. शिकवणीत न आलेलं वाद्य ‘इतर’मध्ये ढकललं जातं, नाहीतर चक्क गळा समजलं जातं. एमपी३ फाइल वापरली तर आणखी एक घोळ होतो. मोठ्या आवाजाखाली ऐकू येणार नाही असं बरंच काही त्या फाइलमधून आधीच वगळलेलं असतं. मोठा आवाज बाजूला सारला की ती भोकं उघडी पडतात. म्हणून न दाबलेली मूळ फाइल घ्या.

हेच भाग थोडे वरखाली करून परत एकत्र केले, तर दोष बरेचसे झाकले जातात. एकाच ट्रॅकवर कोंबलेली वाद्यं सोडवून जुन्या गाण्यांचं नव्याने मिश्रण करणं त्यामुळेच शक्य झालं. बीटल्स या इंग्लिश बँडचं ‘नाऊ अँड देन’ घ्या. त्यांच्यातल्या जॉन लेननने घरी कॅसेटवर केलेलं ते कच्चं मुद्रण. पियानोमागे गळा दबलेला. लेनन गेल्यानंतर, १९९५ साली बँडमधल्या उरलेल्या तिघांनी ते पूर्ण करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. पुढे यंत्राने गळा आणि पियानो वेगळे केले, आणि २ नोव्हेंबर २०२३ रोजी ते गाणं प्रसिद्ध झालं. त्यातला आवाज लेननचाच आहे, कुणी नव्याने बनवलेला नाही. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

तुम्ही करून बघणार असाल, तर आधी फक्त बेस ऐका. तीन मिनिटं, दुसरं काही नाही. गायकाच्या मागे तो वादक कुठे थांबला, कुठे एक जास्तीचा सूर ठेवून ओळ पुढे ढकलली, हे बहुधा पहिल्यांदाच तुमच्या लक्षात येईल. मग गळा लावा आणि ओळ सुरू होण्याआधीची शांतता ऐका. तिथे गायकाने घेतलेला श्वास असतो.